हनुवटीवरचं संशोधन

दुपारची वेळ, सलूनमध्ये गिऱ्हाईक नाही, आणि आप्पा स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐसपैस बसलेले. समोर आरशाला पाठ लावून त्यांची लेक उभी होती. परवा तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. परीक्षेत कसं बोलायचं याची रंगीत तालीम तिनं बाबांसमोर करायची ठरवली होती, कारण आईसमोर केली तेव्हा आई पहिल्या पाच मिनिटांत झोपली होती आणि उठल्यावर "छान झालं हो" म्हणाली होती.

"तर ही काचेची बशी," लेकीनं आप्पांचा लांब कंगवा काठीसारखा हवेत फिरवला. "हिच्यात जंतूंचा थर वाढवायचा. मधे छोटा खड्डा करून त्यात काढा घालायचा. काढ्यात दम असेल तर खड्ड्याभोवती जंतू वाढत नाहीत. स्वच्छ गोल दिसतो."

"म्हणजे चाई पडते."

"काय?"

"अगं, डोक्यावर मधेच केस जाऊन गोल टक्कल दिसतं ना, ती चाई. जंतूंच्या डोक्यावर चाई."

लेक हसली. "अगदी बरोबर. जेवढी चाई मोठी, तेवढं औषध भारी."

आप्पा खूश झाले. ते शाळा अर्धवट सोडून कात्रीला लागले होते. विज्ञान म्हणजे आपल्या डोक्यावरून जाणारं काहीतरी, अशी त्यांची समजूत होती. आणि आज ते चक्क त्यांच्या हातातलं निघालं होतं. ते सावरून बसले. लेकीनं एकेक वनस्पती सांगितली: कडुलिंब, लवंग, डाळिंबाची साल, मेंदीची पानं. एकेकट्या काढ्याची चाई एवढीशी. "पण चारही काढे एकत्र केले," तिनं दोन्ही हात पसरले, "तर चाई मोठी होते, बाबा. एकेकट्यापेक्षा कितीतरी मोठी!"

"वा!" आप्पांनी खुर्चीच्या दांडीवर थाप मारली.

नेमके तेव्हाच बँकेतले रोखपाल दाढी करायला आत आले. आप्पा टुणकन उठले आणि कापड झटकू लागले.

"बाबा, मुख्य भाग राहिलाय अजून. जंतुनाशकाशी तुलना..."

"आलं गं लक्षात. एकत्र आले की जिंकतात. तू जा, अभ्यास कर."

लेक गेली. आणि आप्पा प्रबंधाचा बरोब्बर अर्धा भाग पोटात घेऊन रोखपालांच्या गालाला साबण लावू लागले. पोटात ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"साहेब, जंतुनाशकाची सद्दी संपली."

"कुणी सांगितलं?"

"आमच्या घरात शोध लागलाय. चार वनस्पती, एक काढा. जंतुनाशक त्याच्यापुढे पाणी भरतं."

"तुमच्या लेकीनं?"

"नाहीतर काय, मी?" असं म्हणून आप्पा इतके फुगले की त्यांच्या पोटाचा धक्का रोखपालांच्या कोपराला लागला. संध्याकाळपर्यंत हा शोध सलूनमधून चार गल्ल्या पुढे गेला होता. परत आला तेव्हा त्याला सरकारी बक्षीस मिळालेलं होतं. आप्पांनी ते नाकारलं नाही. "अजून जाहीर व्हायचंय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनात आलं, की लेकीनं इतकी वर्षं खपून शोध लावायचा आणि बापाच्या सलूनमध्ये मात्र तेच बाजारचं जंतुनाशक वापरायचं, हे काही शोभत नाही. त्यांनी बाजारातून चारही जिनसा आणल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

"ती लोखंडी कढई भाजीची आहे," बायको दारातून म्हणाली.

"आज ती प्रयोगशाळा आहे."

"मग रात्री प्रयोगशाळेतच जेवायचं का?"

काढ्याला उकळी फुटली होती. लेकीनं प्रमाण किती घेतलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण आपल्या घरचा शोध आहे, त्यात हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून त्यांनी मेंदी ओंजळीनं घातली. वास उग्र वाटला म्हणून वर लिंबू पिळलं. गाळून थोडा काढा तळहातावर चोळून बघितला. तळहाताला काही म्हणता काही झालं नाही. आता आप्पांचे तळहात आयुष्यभर लोकांच्या केसांना कलप लावून असे रंगलेले होते, की त्यांच्यावर शाई सांडली असती तरी कळलं नसतं. पण हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही. लेकीला त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नाही. परीक्षेच्या तोंडावर पोरीच्या डोक्याला ताप नको, आणि नंतर कळलं की कशी हरखून जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

परीक्षेच्या दिवशी लेक सकाळीच कॉलेजला गेली. परीक्षा दुपारी होती. तोवर दोन-चार दाढ्या उरकू, म्हणून आप्पांनी सलून उघडलं. पहिले आले रोखपाल. आप्पांनी त्यांना काढ्यानं भरलेली फवाऱ्याची बाटली दाखवली.

"लावा तुमचा शोध," ते म्हणाले.

आप्पांनी दाढी केली, सवयीनं नेहमीचं जंतुनाशक लावलं आणि मग त्यावर फवाऱ्याच्या बाटलीतून काढा मारला. वर काढ्यात बुडवलेला गरम टॉवेल दाबून धरला. टॉवेल काढला तेव्हा हनुवटी किंचित पिवळसर वाटली.

"तेज आलं," आप्पा म्हणाले.

मग शाळेचे मुख्याध्यापक आले. तेही तेज घेऊन गेले. तिसऱ्या खेपेला दारात एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले. अंगात कोट, हातात चामडी बॅग आणि प्रवासात वाढलेले दाढीचे खुंट.

"जरा लवकर होईल का? मला कॉलेजात पोचायचंय. आज तिथं पीएच.डी.ची परीक्षा घ्यायचीय."

आप्पांच्या हातातून ब्रश निसटता निसटता राहिला. "कसली हो परीक्षा?"

"सूक्ष्मजीवशास्त्राची."

हेच ते बाहेरचे परीक्षक! मुलगी माझीच, असं सांगावं तर वशिला लावल्यासारखं दिसणार. न सांगावं तर जीव गुदमरणार. आप्पांनी मधला मार्ग काढला. मुलीचं नातं गिळलं आणि शोध तेवढा सांगितला.

"आमच्या इथं एका मुलीनं काढा शोधलाय, साहेब. जंतुनाशकाच्या तोंडात मारेल असा."

"असं कोण म्हणतं?" परीक्षकांनी डोळे उघडले.

"सगळं गाव म्हणतं," आप्पा म्हणाले. हे खोटं नव्हतं. गावाला कुणी सांगितलं, ते त्यांना विचारलेलंच नव्हतं.

लेकीचं भवितव्य या हनुवटीवर अवलंबून आहे अशा भक्तिभावानं आप्पांनी ती दाढी केली. एकदा सुलट, एकदा उलट. मग जंतुनाशक. मग काढ्याचा फवारा, मग टॉवेल, पुन्हा फवारा, पुन्हा टॉवेल. इतरांच्या दुप्पट. पैसे घेतले नाहीत. रिक्षा स्वतः थांबवून दिली आणि ती वळेपर्यंत रस्त्यात उभे राहून हात हलवत राहिले.

तासाभरानं बायको आली. परीक्षा बघायला जायचं म्हणून ठेवणीतली साडी नेसली होती. आणि तिच्या पाठोपाठ, तोंडावर रुमाल धरून, रोखपाल आले.

"आप्पा, हे काय आहे?" त्यांनी रुमाल काढला.

हनुवटीपासून कानापर्यंत त्यांचा चेहरा भडक नारिंगी झाला होता. वरचा अर्धा चेहरा रोखपालांचाच होता, खालचा दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

"धुवून बघितलंत?"

"साबणानं धुतलं, दगडानं घासलं. जितकं धुवावं तितकं चढतंय! खिडकीवर एक बाई मला म्हणाली, कावीळ झालीय तर घरी पडून राहा, नोटा कशाला मोजताय. मॅनेजर रजा घ्या म्हणाले."

आप्पांची बायको जवळ गेली, निरखून बघितलं आणि नवऱ्याकडे वळली. "काढ्यात मेंदी होती?"

"होती."

"मेंदीनं रंग चढतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं? आयुष्य गेलं लोकांच्या डोक्याला मेंदी थापण्यात!"

"मला वाटलं," आप्पा कसंनुसं म्हणाले, "विज्ञानातली मेंदी वेगळी असेल."

एवढ्यात मुख्याध्यापकही येताना दिसले. रस्त्यानं येताना ते छत्री चेहऱ्यापुढे धरून चालत होते. आणि त्या छत्रीकडे बघता बघता आप्पांना एकदम तिसरी हनुवटी आठवली.

"अगं," ते म्हणाले, "परीक्षक!"

"कोण परीक्षक?"

"पोरीचे. त्यांना मी दुप्पट लावलंय."

रिक्षात बायको एक शब्द बोलली नाही. तिनं बोलावं म्हणून आप्पांनी दोनदा खोकून बघितलं. मांडीवर पिशवी होती, तिच्यात खोबरेल तेल, लिंबं आणि कापसाचं बंडल. वाटेत त्यांनी काय काय करायचं ते ठरवून टाकलं. परीक्षकांना बाहेर गाठायचं, पाय धरायचे, हनुवटी पुसायची, आणि नाहीच निघालं तर सांगायचं, सलूनवाला वेडा आहे, मुलीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ही शेवटची ओळ मात्र त्यांना मनातसुद्धा एका दमात म्हणता येईना.

पण परीक्षा सुरू झालेली होती. सभागृहाच्या मागच्या दारातून दोघं आत सरकली आणि शेवटच्या रांगेत बसली. पुढं, पहिल्या रांगेत कडेला परीक्षक बसले होते. तोंड अर्धवट इकडे वळलेलं. आप्पांनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. रोखपालांचा रंग त्या मानानं फिका म्हणायचा. इथं कुणीतरी संत्र्याची अख्खी साल माणसाला चिकटवली होती.

गंमत म्हणजे, परीक्षकांना त्याचा पत्ताच नव्हता. सलूनमधून निघाल्यापासून त्यांना आरसा भेटला नव्हता. सगळे आपल्याला बघून नजर चुकवतात, बोलताना अडखळतात, ते आपल्या दराऱ्यामुळे, असं समजून ते आणखी गंभीर चेहरा करून बसले होते. लेकीच्या मार्गदर्शक बाई छताचे पंखे मोजत होत्या. मागची मुलं तोंडात रुमाल कोंबून बसली होती.

आणि लेक बोलत होती. आप्पांनी हळूच डोळे उघडले. सलूनमध्ये कंगवा फिरवणारी ही नव्हेच. स्वच्छ आवाज, ताठ मान. अधूनमधून तिची नजर परीक्षकांच्या हनुवटीवर जायची, क्षणभर थबकायची आणि पुन्हा वर यायची. तो रंग ती ओळखत होती. तिचे दोन पांढरे कोट त्याच रंगानं गेले होते.

"चारही काढे एकत्र केल्यावर परिणाम वाढला," ती म्हणाली. आप्पांनी बायकोला कोपरखळी मारली. हे त्यांना पाठ होतं.

"परंतु," लेक म्हणाली.

आप्पांनी कान टवकारले. हे 'परंतु' सलूनमध्ये नव्हतं.

"परंतु जंतुनाशकाशी तुलना केली तेव्हा प्रत्येक जंतूच्या बाबतीत जंतुनाशकच सरस ठरलं. एका जंतूच्या बाबतीत आमचा एकत्रित काढा त्याच्या जवळपास पोचला. पुढं गेला नाही." पडद्यावर दोन बशा दिसल्या. एकीत मध्यम चाई. दुसरीत भलं थोरलं टक्कल.

आप्पांना आपल्याच सलूनमध्ये कुणीतरी आपलीच मिशी उतरवल्यासारखं वाटलं. सगळ्या गावाला सांगून झालं होतं.

परीक्षकांनी घसा साफ केला. "इथं मला वेगळंच ऐकायला मिळालं. गाव म्हणतं, तुमचा काढा जंतुनाशकाला हरवतो."

"तसं माझ्या प्रबंधात कुठंही नाही, सर."

"तसं निघावं, असं तुम्हाला वाटत नव्हतं?"

"फार वाटत होतं. म्हणून तीन वेळा पुन्हा करून बघितलं. तिन्ही वेळा जंतुनाशकच जिंकलं. मग तेच लिहिलं."

परीक्षकांनी मान हलवली. "बरं. हा काढा माणसाच्या त्वचेवर वापरून बघितलात?"

लेकीनं समोर बघितलं, मग सभागृहभर नजर फिरवली. शेवटच्या रांगेत पिशवी पोटाशी धरून बसलेले आप्पा तिला दिसले. आप्पांनी जोरजोरात मान हलवून 'ओळख देऊ नकोस' असं खुणावलं.

"मी वापरला नाही, सर. आधी रीतसर चाचण्या झाल्याशिवाय वापरूही नये. काचेच्या बशीला रंगाचं काही वाटत नाही, माणसाला वाटतं. पण..." तिनं श्वास घेतला. "माझ्या अंदाजानं एका माणसाच्या त्वचेवर तो वापरला गेलाय."

"कुणाच्या?"

"तुमच्या, सर."

मार्गदर्शक बाईंनी पंखे मोजणं सोडलं, पर्समधून छोटा आरसा काढला आणि पुढं केला. परीक्षकांनी त्यात बघितलं. उजवीकडून बघितलं. डावीकडून बघितलं.

"तो सलूनवाला!" ते म्हणाले.

"ते माझे बाबा आहेत," लेक म्हणाली. आवाज जराही न कापता, ताठ मानेनं. "आणि माझ्या कामाचा त्यांच्याइतका अभिमान कुणालाच नाही. पूर्ण ऐकून घ्यायला मात्र ते थांबले नाहीत. ते शेवटच्या रांगेत बसलेत."

सगळ्या माना मागं वळल्या. आता लपण्यात अर्थ नव्हता. आप्पा उभे राहिले. पिशवीतलं एक लिंबू घरंगळत पायऱ्यांवरून खाली, थेट पहिल्या रांगेपर्यंत गेलं.

"साहेब, चूक माझी. पोरीला काही ठाऊक नव्हतं. हिला नापास करू नका. हवं तर मी..." पुढं काय करता येईल, ते त्यांना सुचेना. "हवं तर तुमची दाढी जन्मभर फुकट."

"थांबा," परीक्षकांनी हात वर केला. चेहरा गंभीर होता, पण नारिंगी रंगात गांभीर्य नीट बसत नव्हतं. "मला आधी सांगा, हा काढा लावायचा म्हणून तुम्ही जंतुनाशक बंद केलंत?"

"छे, छे! आधी जंतुनाशक लावलं, मग काढा."

"का? काढा भारी आहे ना?"

हा विचार आप्पांनी कधी केलाच नव्हता. "गिऱ्हाइकाची कातडी आहे, साहेब," ते म्हणाले. "म्हटलं, असू दे आधाराला."

"म्हणजे बाबा," व्यासपीठावरून लेकीचा आवाज आला, "तुमचा माझ्या शोधावर विश्वास नव्हता?"

"होता गं! पूर्ण होता! पण... थोडं जंतुनाशक लावून होता."

आधी मागची मुलं फुटली, मग मार्गदर्शक बाई, आणि शेवटी परीक्षक. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"आता माझी हनुवटी जंतुनाशकानं राखली की काढ्यानं, हे कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "दोन्ही एकत्र लावून तुम्ही प्रयोगाचा विचका केलात. तुमच्या मुलीनं असलं काही केलं असतं, तर मी तिला खरंच नापास केलं असतं." मग ते लेकीकडे वळले. "पंचवीस वर्षं तोंडी परीक्षा घेतोय. इतकी तोंडाशी आलेली पहिलीच."

सर्वांना बाहेर बसवून परीक्षकांनी आणि बाईंनी आत चर्चा केली. व्हरांड्यात आप्पा इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होते. बायको आता बोलत होती, आणि जे बोलत होती ते ऐकून, मघाचं तिचं गप्प बसणंच बरं होतं असं आप्पांना वाटत होतं. दार उघडलं. परीक्षकांनी लेकीच्या हातात हात दिला आणि तिला 'डॉक्टर' म्हणून हाक मारली.

"जी मुलगी परीक्षकाच्या तोंडावर त्याच्या तोंडाविषयी खरं बोलते, तिच्या बशांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो," ते म्हणाले. "फक्त एक दुरुस्ती हवी. मर्यादांच्या प्रकरणात त्वचेवर रंग चढतो, हे नमूद करा. प्रत्यक्ष घडलंय तसं."

त्यानंतरचा आठवडा आप्पांनी तीन हनुवट्यांची माफी मागण्यात घालवला. रोखपाल सुटीवर गेले. मुख्याध्यापकांनी तोंडावर मफलर बांधून शाळा चालवली. परीक्षकांनी गावी पोचल्याचा फोन केला, त्यात रंग उतरू लागल्याचं सांगितलं आणि घरचे काय काय म्हणाले तेही. आणि सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा पहिल्यापेक्षा जास्त फुगून सांगू लागले, "भर सभेत म्हणाली, जंतुनाशकच सरस! स्वतःच्या शोधाविरुद्ध! आहे का कुणाची छाती?"

"पण आप्पा, परवा तुम्हीच म्हणत होता की काढा..."

"मी म्हणालो हो. मी काय, डॉक्टर आहे?"

रविवारी सकाळी लेक घरी संगणकापुढे बसून ती दुरुस्ती लिहीत होती. आप्पा चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाकले. तिनं पटकन हात आडवा धरला.

"बघू दे की."

"राहू द्या ना, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल."

"वाच."

तिनं नाइलाजानं वाचलं. "प्रस्तुत मिश्रणाची त्वचेवर चाचणी झालेली नाही. तथापि एका केशकर्तनकाराने लेखिकेला न विचारता हे मिश्रण तीन व्यक्तींच्या त्वचेवर वापरले असता गडद नारिंगी रंग चढल्याचे आढळले."

आप्पा ताठ झाले. चेहरा पडला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"एका?" आप्पा म्हणाले.

"हो, बाबा. तुमचं नाव नको यायला, म्हणून मी मुद्दाम..."

"एका केशकर्तनकाराने? मी काय रस्त्यावरचा कुणी एक आहे? ओंजळ ओंजळ मेंदी मी घातली, कढई मी घासली, शिव्या मी खाल्ल्या, आणि पुस्तकात कोण, तर एक?" त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "खोड ते. लिही, 'लेखिकेच्या वडिलांनी'."

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला. लेकीनं शब्द खोडले आणि नवे लिहिले. आप्पा एकेक अक्षर उमटताना बघत राहिले. मग त्यांनी ते पुटपुटत दोनदा वाचून काढलं.

"बाबा," तिनं हळूच विचारलं, "ते 'न विचारता' काढू का?"

आप्पांनी जरा विचार केला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"राहू दे," ते म्हणाले. "विचारलं नव्हतंच."